शोकांत प्रेमकथेत नशीब कसं आणायचं? गावच्या नाटकासाठी लिहिणाऱ्यांनी जरूर वाचा

गणपतीत नाहीतर शिमग्याला गावात नाटक बसवायचं ठरतं, कुणीतरी प्रेमकथा लिहून आणतं आणि शेवटी हिरोचा हायवेला ॲक्सिडेंट होतो, नाहीतर होडी उलटते, पडदा. लोक हळहळतात पण आतून हलत नाहीत, कारण ते संकट बाहेरून येऊन आदळलंय, त्या दोघांचं त्यात काहीच नाही.

म्हणून पहिली गोष्ट, नशिबाला आत शिरायला माणसाच्या स्वभावात जागा ठेवा. नळ-दमयंतीच्या गोष्टीत नळाच्या अंगात शिरायला कली 12 वर्षं टपून बसलेला, आणि एक दिवस नळ पाय न धुता संध्येला बसला तेव्हा कुठे त्याला शिरता आलं. चूक केवढीशी, पण नळाची स्वतःची. तुमचा हिरो खलाशी असेल तर समजा त्याला बोटीवर जाताना कुणाला सांगून जायची सवयच नाही. पहिल्याच सीनमध्ये मुलगी त्यावरून लटकं रागावते, प्रेक्षक हसतात, आणि शेवटी घात करते ती हीच सवय.

दुसरं म्हणजे योगायोग आधी पेरा. रोमिओ-ज्युलिएटमध्ये सगळं एका पत्रावर अडतं, ज्युलिएट मेलेली नाही हे कळवणारं पत्र, आणि ते नेणारा साधू प्लेगच्या संशयाने एका घरात कोंडला जातो म्हणून पत्र पोचतच नाही. पण प्लेगचं नाव तिथे पहिल्यांदा येत नाही, तिसऱ्या अंकात मर्क्युशिओ मरताना दोन्ही घराण्यांना प्लेगचाच शाप देऊन गेलेला असतो! शिवाय 1592-93 मध्ये लंडनची नाटकघरं प्लेगमुळे बंद होती, त्यामुळे तेव्हाच्या प्रेक्षकाला ही अडचण ओढूनताणून आणलेली वाटायचं कारणच नव्हतं.

आपल्याकडचा प्लेग शोधायला लांब कशाला जायचं, खाडी आहे, भरती आहे, वादळी हवेचा इशारा देणारा तीन नंबरचा बावटा आहे, बोट जरा बाहेर गेली की फोनची रेंज जाते. फक्त हिशोब चुकवू नका. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा आषाढात हिरोला ट्रॉलरवर पाठवलंत तर पुढच्या रांगेतला तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, तिथेच मान हलवणार.

पण माझ्या मते कोकणातल्या प्रेमकथेला नशीब आणायचं सगळ्यात भारी साधन म्हणजे कौल, देवाला प्रश्न विचारून घेतलेला होकार-नकार. पत्रिका, मंगळ हे सगळं वापरून वापरून झिजलंय. कौलाचा सीन नीट लिहा, देवळात गुरव, देवाला लावलेल्या कळ्या, सगळे श्वास रोखून, आणि कळी डावीकडे पडते, म्हणजे नकार. देवाला खोटं पाडू नका, कौल खरा की खोटा ते ठरवायच्या भानगडीतही पडू नका. खरी गंमत प्रश्नात आहे. मुलीच्या बापाने गाऱ्हाण्यात, म्हणजे देवापुढे मांडलेल्या विनवणीत, काय विचारलं? ‘पोरगी सुखी होईल का’ असं, की ‘हे लग्न आमच्या घराला मानवेल का’ असं? मुलीला हे नंतर, उशिरा कळू दे. मग देव बोलला ते खरंच, पण बोलायला लावलं माणसाने, आणि प्रेक्षकाला दोन्ही एकदम दिसतं.

शाप शक्यतो टाळा. महाभारतातल्या शकुंतलेच्या गोष्टीत ना शाप आहे ना अंगठी, राजाला सगळं आठवत असूनही तो तिला नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणला आणि राजा दोषातून सुटला, ते त्या नाटकाला शोभतं कारण शेवटी दोघं भेटतात. आपल्याला शोकांत लिहायचंय, इथे कुणाला सोडवून चालणार नाही.

शेवट लपवायची धडपडही नको. दशावतारात राक्षस मरणार हे शाळकरी पोरालाही माहीत असतं तरी लोक पहाटेपर्यंत बसतात ना? तेव्हा दोघं मरणार हे आधी कळलं तरी चालेल, पण वाचायची एक खरीखुरी संधी द्याच, ती अगदी थोडक्यात हुकली असं वाटलं पाहिजे, आणि ती हुकते ती पुन्हा त्याच सवयीमुळे.

आणि शेवटच्या सीनमध्ये ‘नशिबात नव्हतं’ हे वाक्य बापाच्या तोंडी अजिबात देऊ नका, गाऱ्हाणं त्यानेच घातलं होतं.