पुराच्या हकिकती जुळत नाहीत तेव्हा नोंद कशी करावी

सांगलीत 2019 च्या पुराबद्दल एकाच गल्लीत चौघांना विचारा, चार हकिकती मिळतील. पाणी रात्री आलं, पहाटे आलं. छातीपर्यंत होतं, गुडघाभर होतं. यातलं कुणीतरी खोटं बोलतंय असं धरून चाललं की नोंद तिथंच बिघडते. आधी माणूस कुठं उभा होता ते विचारा. नदी पात्राबाहेर येऊन पसरते तसंच पाणी नाल्या-गटारांतून उलटही चढतं. परसदारी असलेल्याला ते आधी दिसतं, पुढच्या सोप्यात बसलेल्याला नंतर. दोघंही खरंच सांगत असतात.

एकेकट्याला गाठा. दोघं शेजारी बसले की ज्याचा आवाज मोठा त्याची हकिकत उरते आणि दुसरा "होय होय, तसंच" म्हणतो. पहिली वीस मिनिटं मध्ये बोलू नका. "नागपंचमीपासून काय काय झालं ते सांगा," एवढंच म्हणा. "पाणी घुसलं तेव्हा" असं विचारू नका, "आलं" म्हणा. प्रश्नातल्या क्रियापदानं आठवण बदलते. 1974 साली अमेरिकेत लॉफ्टस आणि पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. प्रश्नात जोरदार धडकेचा शब्द होता तेव्हा वेगाचा सरासरी अंदाज ताशी 40.8 मैल निघाला. नुसत्या स्पर्शाचा शब्द होता तेव्हा 31.8.

तारखा सणांवरून पक्क्या करा. त्या वर्षी नागपंचमी 5 ऑगस्टला, सोमवारी होती. कलम 370 ची बातमी टीव्हीवर आली तोही हाच दिवस. बकरी ईद 12 ला, राखीपौर्णिमा 15 ला. सगळ्यात जास्त घोळ मध्यरात्रीनंतरच्या वेळेचा होतो. "गुरुवारी रात्री दोनला" म्हणजे कॅलेंडरवरचा शुक्रवार, कारण आपल्याकडं दिवस उजाडल्यावर बदलतो. म्हणून वहीत "गुरुवार-शुक्रवारची रात्र" असं लिहावं. 2005, 2019 आणि 2021 चे पूरही एकमेकांत मिसळतात. छावणीच्या वर्णनात तोंडाला मास्क आला तर ती आठवण 2021 ची समजा. मात्र मास्कचं तुम्ही सुचवू नका, त्यांच्या तोंडून येऊ द्या.

"57 फूट पाणी होतं" हेही नीट ऐका. तो आकडा सांगलीतल्या कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचा. तिथं 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. घरात किती होतं ते भिंत सांगते. रंग मारला असेल तर कपाटामागं, मीटरबोर्डाच्या मागं, देवळीत खूण शोधा. बऱ्याचदा दोन रेघा दिसतात. ठळक रेघ पाणी जास्त वेळ थांबलं तिथली असू शकते. सर्वांत वरची, फिकट असली तरी, कमाल पातळीची. मोजताना टेप उंबऱ्यापासून धरा, रस्त्यापासून नको. डांबराचा थर चढला की रस्ता उंच होतो आणि माप खोटं पडतं.

छाती की गुडघा, हा वाद गवंड्याच्या लेव्हल पाईपनं सुटतो. पंधरा-वीस मीटर पारदर्शक नळी पाण्यानं भरा. एक टोक पहिल्या घरातल्या खुणेशी धरा, दुसरं दुसऱ्या घरातल्या. दोन्हीकडं पाणी खुणेवर टेकलं तर पातळी एकच होती, फरक जमिनीच्या उंचीचा. नळीत बुडबुडा राहिला तर माप चुकतं. मोजण्याआधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी समपातळीत येतंय का बघून घ्या.

फोटो मागताना मूळ फोनमधला मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर दिसते ती पाठवल्याची वेळ. वीज गेली, फोन बंद पडले, म्हणून मंगळवारचा फोटो शुक्रवारी पुढं गेलेला असतो.

वहीत तीन रकाने आखा: पाहिलं, ऐकलं, वाटलं. "धरणातून पाणी सोडल्यामुळं झालं" हे तिसऱ्यात, मग सांगणारा कितीही ठाम असो. पाच जणांनी एकच गोष्ट सांगितली तर प्रत्येकाला "हे कुठून कळलं?" विचारा. पाचही जणांनी ती एकाच माणसाकडून ऐकली असेल तर तो एकच साक्षीदार झाला. बहुमतानं निकाल देऊ नका. दोन वेळांची सरासरी तर अजिबात काढू नका. त्यातून येणारी वेळ कुणीच पाहिलेली नसते.

लिहिलेलं सांगणाऱ्याला वाचून दाखवा. त्यानं दुरुस्ती केली तर जुनं खोडू नका, खाली तारीख घालून नवं लिहा. शेजाऱ्याची हकिकत मात्र त्याच्यासमोर ठेवू नका. ज्याचं जनावर किंवा माणूस गेलं त्याला तो जाब विचारल्यासारखा वाटतो, आणि तो बोलायचा थांबतो.

शेवटी नोंद साधारण अशी दिसावी:

"परसात पाणी: मंगळवार-बुधवारची रात्र. सांगणारी सून, स्वतः पाहिलं. सोप्यात पाणी: बुधवारी उजाडताना. सांगणारे सासरे, स्वतः पाहिलं. खूण मीटरबोर्डामागं, उंबऱ्यापासून 3 फूट 4 इंच. बोट कधी आली: सून म्हणते दुपारी, सासरे म्हणतात दिवे लागणीला. जुळत नाही, दोन्ही ठेवलं."