हवा गार होताच घरची पहिली परसबाग: आधी ऊन आणि माती, मग बियाणे

उकाडा सरून रात्री गार होऊ लागल्या की पहिली परसबाग लावायला घ्यावी. मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर यांना हीच हवा मानवते, मातीतली ओल टिकते आणि किडींचा त्रासही तुलनेने कमी असतो. भेंडी, गवार, काकडी मात्र उबदार दिवसांसाठी राखून ठेवा. गारठ्यात त्यांचे बी उगवायलाच रेंगाळते.

बियाण्याची पाकिटे आणण्याआधी एक दिवस नुसते जागेकडे बघा. सकाळी 9, दुपारी 12 आणि 3 वाजता ऊन कुठवर येते ते खडूने आखून ठेवा. थंडीत सूर्य खालून जातो, सावल्या लांबतात. उन्हाळ्यात तापणारा कोपरा आता दिवसभर सावलीत असू शकतो. फळभाज्यांना किमान 6 तास थेट ऊन हवे, पालेभाज्या 3-4 तासांवरही भागवून घेतात. ऊन तेवढे नसेल तर टोमॅटोचा हट्ट सोडा. ती कसर खताने भरून निघत नाही.

वाफा 3 फूट रुंद आणि 6 फूट लांब, पहिल्या हंगामाला एवढा पुष्कळ झाला. दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोचला पाहिजे, म्हणजे आत पाय ठेवून माती तुडवावी लागत नाही. कुंड्यांत लावणार असाल तर पालेभाजीला 6 इंच खोली चालते, मिरची-वांग्याला 12 इंच तरी हवी. गच्चीवर सरसकट माती पसरू नका. ओली माती घनफुटाला 45 किलोच्या आसपास भरते, तेवढा भार पेलेल का हे आधी जाणकाराला विचारा.

आता माती. ओलसर माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटाने टोचताच फुटला, तर नशीबवान आहात. चिकट गोळा तसाच राहिला तर माती भारी, गोळाच झाला नाही तर रेताड. दोन्हींवर उपाय एकच: चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट, 2 इंचांचा थर वरच्या 6-8 इंच मातीत मिसळायचा. भारी मातीत मूठ-दोन मूठ वाळू टाकून ती हलकी होईल या आशेवर राहू नका, उलट ती आणखी घट्ट बसते. ताजे शेण तर नकोच. ते वाफ्यात कुजताना कोवळी मुळे भाजतात, शिवाय त्यातून तणाचे बी आणि मुळे कुरतडणारी हुमणी अळीही येते. कुजलेले खत काळपट, भुसभुशीत असते आणि त्याला शेणाचा वास उरलेला नसतो.

बी फेकून पेरू नका, ओळीत पेरा. नवख्याला कोवळे तण आणि कोवळी भाजी सारखीच दिसते. ओळीबाहेर उगवले ते खुशाल उपटावे. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल, त्याहून खाली नाही. धणे हलके रगडून दोन फाकी करून पेरा आणि धीर धरा, त्यांना उगवायला आठवडा-दोन आठवडे लागतात. मेथी 3-5 दिवसांत वर येते. अख्खा वाफा एकदम पेरून टाकला तर सगळी भाजी एकदमच तयार होते, म्हणून दर 10-12 दिवसांनी थोडे थोडे पेरा.

मुळ्याची विरळणी जिवावर येते, पण करावीच लागते. दोन रोपांत 3-4 इंच अंतर ठेवले नाही तर नुसता पाला वाढतो आणि खाली दोरीएवढी मुळी निघते. रोप उपटण्याऐवजी कात्रीने मातीलगत कापा, शेजाऱ्याची मुळे हलत नाहीत.

नव्या बागा पाण्यावाचून जातात त्याहून जास्त पाण्यापायी जातात, असे माझे मत आहे. रोज ठरल्या वेळी झारी उचलण्यापेक्षा बोट दोन पेरे मातीत घाला. खाली ओल लागली तर आज पाणी नको. फक्त बी उगवेपर्यंत वरचा थर सुकू देऊ नका. दुपारी माना टाकलेली रोपे संध्याकाळी आपोआप ताठ झाली, तर ती तहानलेली नव्हती. सकाळीही मलूल असतील आणि माती कोरडी असेल तर पाणी द्या. माती ओली असूनही रोपे मातीलगत दोऱ्यासारखी बारीक होऊन आडवी पडत असतील तर तो मर रोग आहे. पाणी तोडा, दाट जागा विरळ करा, हवा खेळू द्या. पाणी सकाळी, बुडाशी. रात्रभर पाने ओली राहू नयेत.

पान वळले की उलटून बघा. मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, असेल तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा. तरी हटला नाही तर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा, आधी एकाच रोपावर. चार दिवसांत ताटात येणाऱ्या पाल्यावर रासायनिक औषध नकोच.

पालकाची बाहेरची पाने खुडत राहा, मधला कोंब सांभाळा. मधून दांडा वर येऊन फुलोरा दिसू लागला की ते रोप काढून टाका, त्या जागी ओंजळभर खत मिसळा आणि पुढची ओळ पेरा.