‘ऐतिहासिक’चे इंग्रजी: हिस्टॉरिक की हिस्टॉरिकल?

आपण ‘ऐतिहासिक निर्णय’ म्हणतो आणि ‘ऐतिहासिक कादंबरी’ही म्हणतो. मराठीत एकाच शब्दावर भागते, इंग्रजीत मात्र पहिल्या ठिकाणी ‘हिस्टॉरिक’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘हिस्टॉरिकल’ लिहावे लागते. आपल्या गावाची माहिती इंग्रजीत लिहिणारे बहुतेक जण नेमके इथेच अडखळतात.

अशा वेळी आधी मराठी वाक्यातील ‘ऐतिहासिक’ काढून तिथे ‘इतिहासाविषयीचा’ किंवा ‘इतिहासकाळातला’ असे शब्द घालून पाहावेत. वाक्य नीट लागले, तर ‘हिस्टॉरिकल’ घ्यावा; ‘इतिहासात ठळक नोंद व्हावी असा’ एवढे म्हटल्याशिवाय अर्थ पुरा होत नसेल, तर ‘हिस्टॉरिक’ घ्यावा. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली आणि मराठवाडा मुक्त झाला, म्हणून तो दिवस ‘हिस्टॉरिक’ ठरतो. त्या काळातील फर्माने, तारा आणि पत्रव्यवहार मात्र ‘हिस्टॉरिकल’ कागदपत्रांत मोडतात.

वास्तूंच्या बाबतीत ही कसोटी थोडी सैल पडते. दौलताबादचा किल्ला किंवा वेरूळचे कैलास लेणे जुने तर आहेच, पण त्यांचे मोल केवळ जुनेपणाचे नाही, म्हणून तिथे ‘हिस्टॉरिक’ योग्य. आपल्याकडे सर्रास ‘हिस्टॉरिकल प्लेस’ लिहिले जाते. त्याला सरळ चूक म्हणणे मला जड जाते, तरी काटेकोर लेखनात ते टाळलेले बरे.

‘हिस्टॉरिक’ म्हणजे गौरवास्पद, हा समजही सोडून द्यावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर उद्ध्वस्त करणारा भूकंप महत्त्वाच्या अर्थाने ‘हिस्टॉरिक’ म्हणता येतो. गंमत अशी, की भूकंपशास्त्रात ‘हिस्टॉरिकल’ भूकंप म्हणजे भूकंपमापक यंत्रे येण्यापूर्वीचे, केवळ जुन्या लेखी नोंदींवरून कळलेले भूकंप. किल्लारीची नोंद यंत्रांनीच केलेली असल्यामुळे तो त्या वर्गात बसत नाही.

हाच नियम अशा इतर जोड्यांना लावू नये. सोयाबीनचे पडलेले भाव हा ‘इकॉनॉमिक’ प्रश्न असतो, आणि कमी डिझेलमध्ये तेवढीच नांगरट करणारा ट्रॅक्टर ‘इकॉनॉमिकल’ असतो.