नवं बेअरिंग महिन्यातच ओरडतं? चाकाचं बेअरिंग घरी बदलताना या चुका टाळा

समृद्धी महामार्गावर काटा शंभराजवळ गेला की खालून घुंघुं सुरू होते आणि शेजारी बसलेला निदान करून मोकळा होतो, "बेअरिंग गेलं नं भाऊ!" गेलंही असेल. पण समृद्धी काँक्रीटची, नागपूरचा रिंग रोड काँक्रीटचा, शहरातले कितीतरी मोठे रस्ते सिमेंटचे. अशा रस्त्यावर झिजलेला टायरच एवढा घोंगावतो की चांगलं बेअरिंग फुकट बदनाम होतं. त्यामुळे पहिली चूक पाना हातात घेण्याआधीच होते.

त्याच वेगात गाडी डांबरी पट्ट्यावर चालवून बघा. रस्ता बदलताच आवाजाचा पोत बदलला तर संशय टायरवर घ्या आणि पुढचे-मागचे टायर अदलाबदल करून पुन्हा ऐका. आवाज तसाच राहिला तर मोकळ्या रस्त्यावर गिअर न्यूट्रल करा, इंजिन मात्र बंद करू नका. इंजिन शांत झालं तरी घुंघुं वेगाबरोबरच चढत-उतरत असेल, तर ती चाकाकडूनच येते. पूर्ण स्टिअरिंग कापून वळताना कट-कट होत असेल तर तो सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा आहे, बेअरिंग नव्हे.

बाजू चुकणे

आवाज बॉडीतून फिरत येतो, त्यामुळे कानावर फार विश्वास ठेवू नका. गाडी उजवीकडे वळली की भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर संशय डाव्या बाजूवर. ही फक्त खूण झाली, पुरावा नाही. पुरावा जॅकवर मिळतो. चाक उचला, वर-खाली धरून हलवा. डाव्या-उजव्या बाजूने धरल्यावरच प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर आधी टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा सांधा) तपासा. मग एक हात कॉइल स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्याने चाक फिरवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून थेट बोटांत उतरते. प्ले नाही म्हणून बेअरिंग चांगलं, असं मात्र धरू नका. कित्येक बेअरिंगं प्ले येण्याच्या खूप आधी ओरडायला लागतात.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा ज्यांच्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या, त्यांनी चारही चाकं तपासावीत. सीलमधून शिरलेलं पाणी लगेच आवाज करत नाही. आधी ग्रीस बिघडतं, मग गंज धरतो, आवाज शेवटी येतो.

जॅकच्या भरवशावर राहणे

आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात मऊ, चिकट आणि मे महिन्यात भेगाळलेली. अंगणात जॅक लावला की तो एका बाजूला कलतो. खाली जाड फळी द्या, पलीकडच्या चाकांना ओट, म्हणजे अडण, लावा आणि गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) बसवल्याशिवाय हात आत घालू नका. मधला मोठा एक्सल नट गाडी जमिनीवर असतानाच, कोणाला तरी ब्रेक दाबायला बसवून, नुसता सैल करून घ्या. पूर्ण काढू नका. त्या नटच्या आवळणीवरच बेअरिंगचे दोन भाग एकत्र धरलेले असतात. नट काढून गाडी ढकलली तर नवं बेअरिंगही खराब होतं.

हातोडी

सगळ्यात जास्त बेअरिंगं इथेच मरतात, म्हणून इथे जरा थांबू.

काही गाड्यांत हबसकट (चाक ज्यावर बसतं तो भाग) अख्खं युनिट चार बोल्टवर बसतं. ते घरी जमण्यासारखं आहे. पण अनेक छोट्या गाड्यांत पुढचं बेअरिंग नकलमध्ये, म्हणजे हब धरणाऱ्या धातूच्या भागात, दाबून बसवलेलं असतं, आणि हब पुन्हा त्या बेअरिंगमध्ये दाबलेला. इथे नियम एकच: बेअरिंगची जी रेस (आतली किंवा बाहेरची कडी) घट्ट बसते आहे, जोर तिच्यावरच द्यायचा. नकलमध्ये बेअरिंग दाबताना जोर बाहेरच्या रेसवर. हब दाबताना आतल्या रेसला खालून पूर्ण आधार. हे उलटं झालं की सगळा जोर गोळ्यांमधून जातो. असं हातोडीने मारून बसवलेलं बेअरिंग पुढे उघडून पाहिलंत तर रेसवर गोळ्यांच्या अंतरानेच बारीक खड्ड्यांची ओळ दिसते. गाडी बाहेर काढल्यावर पहिले काही दिवस सगळं गप्प असतं. मग घुंघुं परत येते, आणि शिव्या खातो दुकानदार.

माझं स्पष्ट मत असं: ब्रेकचा कॅलिपर, डिस्क, नकल घरी सोडवा, पण प्रेसचं काम लेथवाल्याकडे न्या. हिंगणा एमआयडीसीकडे हायड्रॉलिक प्रेस शोधावा लागत नाही. नेण्याआधी एबीएस सेन्सर (चाकाचा वेग मोजणारा) काढून ठेवा आणि सर्कलिप, म्हणजे बेअरिंग जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी, काढली का ते बघा. सर्कलिप तशीच ठेवून प्रेस चालवली तर नकल फुटू शकतो. जुनी आतली रेस हबवर अडकली तर पुलर लावा. ग्राइंडरने कापताना हबला चीर पडली तर नवं बेअरिंग त्यावर नीट बसणार नाही.

बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवून आकसवायचं आणि मग बसवायचं, हा उपाय खरा आहे, पण त्याची मर्यादा ओळखा. ७२ मिमीचं बेअरिंग ४५ अंशांवरून उणे १८ वर नेलं तर जेमतेम ०.०५ मिमी आकसतं. त्याने काम सोपं होतं, आपोआप होत नाही. घरच्यांना विचारून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. आणि गॅसची ज्योत सीलजवळ नेऊ नका.

काळी बाजू कुठे?

एबीएसच्या बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका सीलमध्येच चुंबकी रिंग असते. दिसायला साधं काळं रबर, पण टाचणी हळूच जवळ नेली की चिकटते. ही बाजू सेन्सरकडेच हवी. उलटं दाबलं तर एबीएसचा दिवा विझत नाही, आणि बेअरिंग परत काढताना ते वाया जातं. चुंबकाच्या ट्रेमध्ये ते ठेवू नका. डब्यावरच्या नावाला भुलू नका: एसकेएफ आणि शेफलर, म्हणजे एफएजीवाले, दोघांचीही असली-नकली तपासायची मोबाइल ॲप आहेत. पैसे देण्याआधी दुकानातच तपासा.

नट "दणकून" आवळणे

छोट्या गाड्यांत हा नट साधारण १५० ते २५० न्यूटन-मीटरच्या दरम्यान आवळायचा असतो. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. एक मीटरच्या पाइपच्या टोकाला ७० किलोचा माणूस उभा राहिला तर जवळपास ६९० होतात! टॉर्क पाना भाड्याने आणा, मागून आणा, पण आणा. गाडीचं वजन चाकावर येण्याआधी, ब्रेक दाबून धरून आवळा. नट नवाच घ्या आणि त्याची कड खाचेत ठोकून लॉक करा. इम्पॅक्ट गन खोलायला ठीक, आवळायला नको. आणि काम चालू असताना कॅलिपर ब्रेकच्या होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा.

बदललं, तरी त्रास आहे?

घुंघुं अगदी पहिल्यासारखीच असेल तर बाजू चुकली किंवा दोष टायरचाच. पत्रा घासल्यासारखा आवाज आला तर डिस्कमागची पातळ प्लेट काम करताना वाकली असेल, ती हाताने मागे ओढा. एबीएसचा दिवा लागला तर आधी सेन्सरचा कनेक्टर बघा, मग बेअरिंगची बाजू. थोडं फिरून आल्यावर एकच चाक जास्त तापत असेल तर बेअरिंगआधी कॅलिपर अडकलाय का ते तपासा. आपल्या उन्हाळ्यात रिमला थेट हात लावू नका, पाण्याचे थेंब टाकून बघा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर स्ट्रटचे (स्प्रिंग-शॉकअप धरणाऱ्या खांबाचे) बोल्ट खोलताना कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, हलला असेल, अलाइनमेंट करून घ्या. आणि पन्नासेक किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने बघून घ्या.