जुनी नाणी विकत घेताना

नाण्यांच्या धंद्यात नफा नाणं विकत घेतानाच ठरतो. संग्रह समोर आला की आधी धातूची किंमत काढा: वजन गुणिले शुद्धता गुणिले त्या दिवसाचा भाव. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा हवाच. चांदीचं म्हणून आणलेलं नाणं चुंबकाला चिकटलं तर विषय संपला. नाही चिकटलं तर घनता बघा. हवेतल्या वजनाला पाण्यात बुडवल्यावर घटलेल्या वजनाने भागा. शुद्ध चांदीची १०.४९ येते, तांबं मिसळलं की थोडी कमी. मग कड भिंगाखाली फिरवा. ओतीव नकलेची जोडरेघ तिथेच सापडते. नाणं घासू मात्र नका, चकाकी येते आणि किंमत जाते. पीव्हीसीच्या पाकिटात हिरवट चिकट थर चढतो. दुर्मीळ नाण्याचं गिऱ्हाईक कधीकधी वर्षभर येत नाही, तेवढं भांडवल अडकणार हे धरूनच भाव सांगा.