गाडीचा रोग सांगू नका, लक्षण सांगा: छोटी जुनी गाडी कोकणात वापरताना

माझ्याकडे २०१४ सालची छोटी हॅचबॅक आहे. पेट्रोल, तीन सिलिंडर, साधे हाताने टाकायचे गिअर, पासिंग एमएच-०८. २०१७ मध्ये ३१ हजार किलोमीटर झालेली घेतली, आता काटा १ लाख १८ हजारांवर आहे. मी फिजिओथेरपिस्ट. चिपळुणात राहते आणि पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. सकाळी शिरगाव-पोफळी, दुपारनंतर सावर्डे, आठवड्यातून एकदा गुहागर. घाटाचा पायथा, खड्डे, समुद्राचा खारा वारा आणि चार महिने पाऊस, सगळं या एका गाडीच्या वाट्याला येतं.

"जुनी गाडी, दगा देत नाही?" असं लोक विचारतात. इतक्या वर्षांत रस्त्यात थांबली ती दोनदाच. एकदा बॅटरी मेली म्हणून, एकदा क्लचची केबल तुटली म्हणून. केबल आधी महिनाभर सांगत होती, पेडल जड होत चाललं होतं. मला वाटलं माझाच पाय दुखतोय. बारीकसारीक कटकटी मात्र भरपूर झाल्या, आणि त्यांच्यामुळेच मला वही ठेवायची सवय लागली.

पहिली दोन वर्षं मी गॅरेजमध्ये जाऊन सांगायचे, "शॉकअप गेलेत वाटतं." मिस्त्री शॉकअप बघायचे, ते धड असायचे, आणि मी आवाजासकट घरी परत. एके दिवशी ते वैतागले. म्हणाले, "ताई, पेशंट येऊन 'माझी नस दबलीय' म्हणाला, की तुम्ही लगेच नसेवर उपचार चालू करता का?" मी गप्प झाले. पेशंटला मी आधी विचारते, कधी दुखतं? उठताना की बसताना, जिना चढताना की उतरताना? गाडीलाही तेच विचारायचं असतं.

वहीत काय लिहायचं

डॅशबोर्डच्या खणात शंभर पानी वही आणि पेन्सिल ठेवा. पेन नको, पावसाळ्यात शाई फुटते. काही जाणवलं की गाडी बाजूला घेऊन दोन ओळी लिहा: तारीख, किलोमीटर, इंजिन थंड होतं की तापलेलं, वेग किती, रस्ता कसा, गाडी सरळ होती की वळत होती, एसी चालू की बंद, पाऊस होता का. कारण लिहू नका. ते मिस्त्रींचं काम.

माझी एक नोंद अशी होती: "पुढून डावीकडून कटकट. १५-२० च्या वेगात. बारक्या खड्ड्यात येते, मोठ्या स्पीडब्रेकरवर येत नाही." मिस्त्रींनी गाडीखाली हात घालून पाच मिनिटांत लिंक रॉड काढून दाखवला (वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेल्या आडव्या दांड्याला चाकाकडे जोडणारी सळी), त्याचा गोळा खुळखुळत होता. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम वर जातात, तेव्हा त्या रॉडवर फारसा ताण येत नाही. खड्ड्यात एकच चाक आपटतं, तेव्हा तो ओढला जातो आणि वाजतो. शॉकअपच्या मानाने अगदी स्वस्तातलं काम. "आवाज येतो" एवढंच सांगितलं असतं तर आणखी दोन चकरा झाल्या असत्या.

आणखी काही आवाज सांगते. स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना चाकाकडून टक-टक-टक आलं, तर अ‍ॅक्सलचा बाहेरचा जॉइंट बघायला सांगा. बहुतेक वेळा त्याचं रबरी बूट फाटून ग्रीस गेलेलं असतं. वेगाबरोबर वाढणारी एकसुरी घूं-घूं लांब वळणावर कमीजास्त होत असेल, तर चाकाचं बेअरिंग. पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खर्र होऊन थांबत असेल, तर डिस्कवर रात्रीतून गंज धरलेला असतो. तो घासून जातो, त्यासाठी गॅरेज गाठू नका.

आणि सिग्नलला उभी असताना गाडी थोडी थरथरते, ती तीन सिलिंडरची जातच आहे. घेतली तेव्हा मी घाबरून दोन ठिकाणी दाखवून आले. कालपर्यंत नसलेली थरथर आज आली, तर मात्र वहीत लिहा.

पायाखालचं पाणी

माझ्या मते कोकणात छोट्या गाडीची सगळ्यात मोठी कटकट इंजिन नाही, पाणी आहे. २०१९ च्या जूनमध्ये डाव्या सीटपुढचं मॅट ओलं लागलं. मला वाटलं, पेशंटला सोडताना छत्री ठिबकली असेल. चौथ्या दिवशी कुबट वास. आठव्या दिवशी मॅट उचललं तर खालच्या फोममधून पाणी पिळून निघालं.

हे पाणी येण्याच्या तीन वाटा असतात, आणि कुठली ते घरच्या घरी कळतं. पाऊस नसताना, एसी लावून तासभर फिरल्यावर ओलं झालं, तर एसीच्या पाण्याची नळी तुंबलीय. एरवी एसी चालू असताना गाडीखाली थेंब पडतात. ते पडायचे थांबले की ओळखा, पाणी आत येतंय. एसी न लावता नुसत्या पावसात ओलं झालं, तर पाणी बाहेरून येतंय. तिसरी वाट वाईट: पाणी चिकट, वास गोडसर, आतून काचेवर तेलकट धुकं आणि बॉनेटखालच्या टाकीतलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी होतंय. म्हणजे हीटरची जाळी गळतेय. चव घेऊन बघायचा शहाणपणा करू नका, कूलंट विषारी असतं. कुत्र्या-मांजरांनाही त्यापासून दूर ठेवा.

माझं दुसरं निघालं. गाडी आंब्याखाली उभी असते. वायपरच्या खाली काळी प्लास्टिकची जाळी असते, तिच्याखालच्या पन्हळीत पानं, मोहोर आणि माती यांचा थर बसला होता. पन्हळीचं तोंड बुजलं, पाणी साठलं आणि ब्लोअरच्या वाटेने आत उतरलं. उपाय सोपा आहे. मे संपायच्या आत बॉनेट उघडून हाताने पानं काढा. मग तांब्याभर पाणी त्या पन्हळीत हळूहळू ओता आणि खाली वाकून बघा. चाकाच्या मागे धार लागली पाहिजे. नाही लागली, तर जाळी खोलून घ्या.

दारांच्या खालच्या कडेलाही बारीक भोकं असतात. ती बुजली की ब्रेक मारल्यावर दारात पाणी हिंदकळल्याचा आवाज येतो आणि पत्रा आतून कुजायला लागतो. तार घालू नका, रंग खरवडतो आणि तिथूनच गंज चढतो. खराट्याची हीर पुरते.

फोम भिजला असेल तर वरून पुसून काही होत नाही. कार्पेट उचलून खाली विटेचा तुकडा लावा, वर्तमानपत्रं कोंबा, दारं उघडी टाकून टेबलफॅन लावा. मला तीन दिवस लागले. घरच्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, गाडीला ताप आलाय का म्हणून.

एसीचा कुबट वास हा याच घराण्यातला. घर यायच्या चार-पाच मिनिटं आधी एसीचं बटण बंद करा, पंखा चालू ठेवा. आतली जाळी कोरडी होते, बुरशी कमी धरते. केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत डाव्या खणाच्या मागे असतो आणि स्क्रू-ड्रायव्हरशिवाय निघतो. काही छोट्या गाड्यांत फिल्टर बसवलेलाच नसतो, नुसती जागा असते. माझ्या गाडीत तसंच होतं. मी तीन वर्षं प्रत्येक सर्व्हिसिंगला "फिल्टर साफ केला ना?" विचारत होते आणि "हो मॅडम" ऐकत होते. हे गॅरेज मी पुढे सोडलं.

उंदीर

पहिला जोराचा पाऊस पडला की बिळांत पाणी जातं आणि उंदीर कोरडी, ऊबदार जागा शोधतात. नुकतीच येऊन उभी राहिलेली गाडी त्यांना धर्मशाळाच. एका सकाळी सुरू केल्याबरोबर गाडी लुळी पडल्यासारखी हलायला लागली आणि इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकू लागला. दिवा स्थिर जळत असेल, तर जपून गॅरेजपर्यंत जाता येतं. लुकलुकत असेल तर गाडी बंद करा. सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं, आणि त्याची किंमत ऐकून तुमचाही दिवा लुकलुकेल.

माझ्याकडे तेव्हा नुकताच घेतलेला ब्लूटूथ स्कॅनर होता. स्टीअरिंगच्या खाली त्याचं सॉकेट असतं, कोड मोबाइलवर दिसतो. आला पी०३०१, म्हणजे पहिला सिलिंडर पेटत नाहीये. बॉनेट उघडलं तर त्याच सिलिंडरची वायर कुरतडलेली. मिस्त्रींना फोनवर कोड सांगितला, ते वायर आणि डाग द्यायचं यंत्र घेऊनच आले. वायर जोडताना डाग देऊन वर उष्णतेने आवळणारी नळी चढवायला सांगा. नुसती चिकटपट्टी पुढच्या पावसात सुटते.

तंबाखूच्या पानांची पुरचुंडी मीही बांधली. दोन आठवडे उंदीर आले नाहीत, मग सरावले. डांबराच्या गोळ्यांनी मलाच डोकेदुखी झाली. उपयोग झाला तो भिंतीलगतचा नारळाच्या सोडणांचा ढीग हलवल्यावर. पेशंटच्या घरून मिळालेले लाडू-चिवडा गाडीत न विसरणं हेही आलंच. सकाळी बॉनेटवर दोन थापा मारा, मांजरही झोपलेलं असू शकतं.

घाट आणि पाणी भरलेला रस्ता

कुंभार्ली घाट ज्या गिअरवर चढाल, त्याच गिअरवर उतरा. ब्रेकवर पाय ठेवून न्यूट्रलमध्ये उतरणारे लोक पोफळीला पोचेपर्यंत ब्रेकचा जळका वास घेऊन येतात. चढावर थांबावं लागलं, तर अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरू नका, हँडब्रेक ओढा. क्लच संपत आलाय का हे बघायचं तर मोकळ्या चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये रेस द्या. इंजिन ओरडलं आणि वेग वाढला नाही, तर खर्चाची तयारी ठेवा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतली ओल शोषतं, आणि ओल तर आपल्याकडे भरपूर आहे.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं, तेव्हा माझी गाडी आदल्या रात्री उंचावरच्या एका पेशंटकडे ठेवलेली होती, म्हणून वाचली. शेजाऱ्यांची डॅशबोर्डपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर त्यांनी "बघू तर" म्हणून सेल्फ मारला. इंजिनमध्ये पाणी गेलं असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टनचा दांडा वाकतो. त्यांचा वाकला. तुमची गाडी बुडाली, तर किल्लीला हातच लावू नका. फोटो काढा, जमलं तर बॅटरीची वायर काढा, विम्यात कळवा, टो करून न्या. विमा घेताना इंजिन प्रोटेक्शनचा वेगळा हप्ता भरलाय का तेही बघा, कारण साध्या विम्यात असं नुकसान सहसा धरत नाहीत.

बाकीचं भरभर. बॅटरीबद्दल स्वस्त मल्टिमीटर पुष्कळ सांगतो: रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. सकाळी १२.२ दिसले की नवीन बॅटरीची चौकशी सुरू करा. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. जुनी गाडी घेताना स्टेपनीवरचेही वाचा. हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर असतो, पंपवाल्याच्या अंदाजात नसतो. ऑइल दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे आल्यापासून माझं मायलेज लिटरला साधारण एक किलोमीटरने घटलंय. वहीत आधीच्या नोंदी आहेत म्हणून कळलं. जुन्या गाडीतल्या इंधनाच्या रबरी नळ्या आता मी दर सर्व्हिसिंगला बघायला लावते. पंधरा वर्षं झाली की पुन्हा पासिंग करावं लागतं. माझी पाळी २०२९ ला आहे.

काम झाल्यावर बदललेला पार्ट मागून घ्या. भांडायला नको, बिल देताना हसून म्हणायचं, "जुना पिशवीत घालून द्या." खरोखर बदलला होता का ते कळतं, आणि पुढच्या वेळी तोच पार्ट कसा झिजतो तेही. माझ्याकडे पडवीत एक खोकं आहे त्यांचं. त्यातल्या दोन ब्रेक डिस्क सासूबाईंनी धुऊन नेल्या. अंगणात आमसुलं वाळत घालतात ना, त्यावरची जाळी वाऱ्याने उडू नये म्हणून ठेवतात. गेल्या वर्षी म्हणाल्या, अजून दोन लागतील, गाडीला विचार.