रात्री बोटे बधिर होणे व मनगटदुखी : माझा अनुभव

दिवसभर इन्स्क्रिप्टमध्ये (भारतीय लिपींच्या कीबोर्ड-मांडणीत) मराठी मजकूर टंकित केल्यावर रात्री उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होऊन जाग येत असे. करंगळी मात्र ठणठणीत असे. ही खूण महत्त्वाची आहे, कारण या तीन बोटांची संवेदना वाहणारी मीडियन नर्व्ह मनगटातील अरुंद बोगद्यातून जाते आणि मनगट वाकलेले राहिले की तिच्यावरील दाब वाढतो.

मलम व शेक निरुपयोगी ठरले, तर जेलच्या उशीवर मनगट टेकवून टंकन केल्याने मुंग्या उलट वाढल्या. तुटक झोपेने जीव मेटाकुटीला आला होता.

उपयोग झाला तो या क्रमाने. प्रथम, डॉक्टरांच्या सल्ल्याने, झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधला. नंतर कीबोर्डचे मागचे पाय मिटले, कारण त्यांच्यामुळे मनगट वर वळते. मग कोपर कळांच्या पातळीत येईपर्यंत खुर्ची उंच केली आणि लोंबकळू लागलेल्या पायांखाली स्वयंपाकघरातला पाट घेतला. माऊस जवळ यावा म्हणून उजवीकडची अंकपट्टी नसलेला कीबोर्ड आणला. शेवटी शिफ्टची सवय बदलली : इन्स्क्रिप्टमध्ये उजव्या हाताने दाबायच्या ‘क’च्याच कळीवर शिफ्टसह ‘ख’ उमटतो, तेव्हा उजव्याच करंगळीने शिफ्ट दाबल्यास मनगट बाहेर मुरडते, म्हणून डावा शिफ्ट वापरू लागलो. हा बदल सर्वांत कंटाळवाणा, पण माझ्या मते सर्वांत मोलाचा.

हातातून वस्तू निसटत असतील किंवा अंगठ्याच्या बुंध्याचा मांसल उंचवटा सपाट दिसत असेल, तर हे प्रयोग न करता आधी डॉक्टरांना दाखवावे.